अंगावर कांटा कां येतो ? केस उभे करणाऱ्या स्नायूंविषयीं कांहीं माहिती

पौष महिन्यांत रात्रीच्या पाळीस वीज आली म्हणजे उसाला पाणी देण्यासाठीं शेतकऱ्यास ओल्या सरींत उतरावें लागतें. गार वाऱ्याची झुळूक अंगावरून गेली रे गेली कीं दंडावर व मांड्यांवर मोहरीएवढे बारीक उंचवटे उठतात, आणि प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर एकेक केस ताठ उभा राहतो. ह्यास आपण अंगावर कांटा आला असें म्हणतों. त्याच शेतकऱ्याच्या पायाजवळून बांधावर कांहीं सळसळत गेलें, तर थंडी नसतांही तसाच कांटा येतो. आणि एकादशीच्या रात्रीं देवळांत एखाद्या बुवांचा आवाज चढत जाऊन नेमका ठिकाणावर बसला म्हणजे उबदार सभामंडपांत बसलेल्या त्याच मनुष्याच्या अंगावर पुन्हां तोच कांटा ! थंडी, भीति आणि आनंद ह्या तीन गोष्टींत वरवर पाहतां कांहींच साम्य नाहीं. मग शरीरानें तिन्हींस एकच उत्तर कां द्यावें, हा प्रश्न साधा दिसला तरी साधा नाहीं. शिवाय दावणीस बांधलेलें मुकें जनावर आपल्या प्रकृतीचें जें थोडेंबहुत सांगूं शकतें, त्यांत केसांची ठेवण ही एक मोठी खूण आहे. म्हणून हा विषय शेतकरी वाचकांस निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आमची समजूत आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. संस्कृतांत ह्यास रोमांच, पुलक, रोमहर्ष अशीं नांवें आहेत. इंग्रज व जर्मन लोकांस हा प्रकार पाहून पिसें उपटलेल्या हंसजातीच्या पक्ष्याचें कातडें आठवतें, तर फ्रेंचांस कोंबडीचें. बाभळी-निवडुंगांत वाढलेल्या आमच्या पूर्वजांस कांटा आठवला, व आमच्या मतें तोच शब्द अधिक नेमका आहे; कारण ह्या प्रकारांत खरें काम उंचवट्याचें नसून उभ्या राहणाऱ्या केसाचें आहे. उंचवटा हा केवळ त्याचा परिणाम होय.

आतां हा केस उभा कसा राहतो तें पाहूं. आपल्या अंगावरील केस कातडींत सरळ खुंटासारखे रोवलेले नसतात. ते तिरपे असतात, व म्हणूनच एका अंगास निजलेले दिसतात. प्रत्येक केसाचें मूळ अंतस्त्वचेंत एका बारीक पिशवींत बसलेलें असतें. ह्या पिशवीच्या खालच्या भागापासून एक अत्यंत लहान स्नायु निघतो व तिरपा वर जाऊन बाह्य त्वचेच्या अगदीं खालीं चिकटतो. केस ज्या बाजूस कललेला असेल त्याच बाजूस हा स्नायु असतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिरपी ठोकलेली मेख मनांत आणा. तिचें जमिनींतलें टोंक दोरीनें कलाच्या बाजूस ओढलें तर वरचें टोंक उलट दिशेस फिरून मेख सरळ उभी होईल. हा स्नायु आंखडला म्हणजे अगदीं असेंच घडतें. केसाचें मूळ ओढलें जातें, केस ताठ होतो, मुळाभोंवतींची कातडी वर उचलली जाते, आणि स्नायु जेथें वर चिकटलेला असतो तेथें बारीकशी खळी पडते. उंचवटे व खळ्या मिळून कातडीस खरखरीतपणा येतो. ह्या स्नायूच्या व केसाच्या बेचक्यांत एक तैलग्रंथि असते. स्नायु आंखडतांना तीही थोडी दाबली जाते.

ह्यास आपण रोमोत्थापक स्नायु म्हणूं. मनुष्याच्या अंगावर सुमारें पन्नास लाख केसांचीं मुळें असतात, व त्यांपैकीं बहुतेकांस असा स्नायु असतो. पापण्यांच्या व नाकपुडीच्या केसांस मात्र तो नसतो. मांजराच्या मिशा हलतात त्यांचे स्नायु तर निराळ्याच जातीचे आहेत. गाईबैलांच्या अंगावर प्रत्येक केसाजवळ एक रोमोत्थापक स्नायु, एक तैलग्रंथि व एक घर्मग्रंथि असा पुरा संसार असतो.

हात-पाय हलविणारे स्नायु आपल्या हुकमांत असतात; हे स्नायु तसे नाहींत. आंतडीं व रक्तवाहिन्या ह्यांच्या भिंतींत असतात त्या वर्गाचे ते आहेत, व त्यांच्यावर सत्ता आहे ती आपल्या इच्छेवांचून चालणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याची. संकट आलें असतां छाती धडधडविणारे, बाहुल्या मोठ्या करणारे व तळहातास घाम आणणारे जे मज्जातंतु, तेच ह्या स्नायूंस पोंचलेले असतात. ह्या तंतूंच्या टोंकांशीं नॉरअॅड्रेनॅलिन नांवाचें द्रव्य सुटतें, व तें लागतांच स्नायु आंखडतो. वरच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें. थंडी, भीति व तीव्र भावना ह्या तिन्ही फिर्यादी एकाच कचेरींत दाखल होतात, आणि त्या कचेरीचा हुकूम निघतो तो ठराविक नमुन्याचाच. कांहीं थोडे लोक मनांत येईल तेव्हां अंगावर कांटा आणूं शकतात हें मात्र खरें आहे. २०१८ मध्यें अशा ३२ व्यक्तींची माहिती एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पण त्या व्यक्ति अपवादच समजावयाच्या.

ह्या स्नायूंचा शोध गेल्या शतकाच्याही आधींच्या शतकाचा आहे. स्विस शास्त्रज्ञ कोलिकर ह्यानें १८५० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखालीं ते दाखविले. पुढें १८५३ मध्यें त्यांविषयीं एक बारकाईचा निबंध लिहिला तो जोसेफ लिस्टर ह्यानें. शस्त्रक्रियेंत जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धति घालून देणारा जगप्रसिद्ध लिस्टर तो हाच. १८७२ मध्यें डार्विननें मनुष्य व प्राणी ह्यांच्या भावना कशा प्रकट होतात ह्यावर ग्रंथ लिहिला, व त्यांत केस व पिसें उभीं राहण्याच्या प्रकारास बरीच जागा दिली. मनुष्याच्या अंगावरील कांटा हा केसाळ पूर्वजांकडून आलेला वारसा आहे असें त्याचें म्हणणें. वतन गेलें तरी वतनदाराचें आडनांव जसें घराण्यांत राहतें, तसा हा प्रकार समजावा. आपल्या अंगावर केसांचीं मुळें वानरांहून फारशीं कमी नाहींत. केस मात्र इतके बारीक झाले आहेत कीं ते उभे राहिले काय अन् निजले काय, ऊब कांहीं वाढत नाहीं.

जनावरांची गोष्ट निराळी. दाट केस असलेल्या प्राण्यास केस उभे करण्यापासून खराच लाभ होतो, व तो कसा होतो हें प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घ्यावें. ऊब केसांत नसते. ती केसांमध्यें अडकून राहिलेल्या स्थिर हवेंत असते. न हलणारी हवा उष्णतेस सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. केस निजलेले असले म्हणजे हा हवेचा थर पातळ असतो, उभे राहिले म्हणजे जाड होतो. घोंगडीची ऊबही ह्याच कारणानें लागते. परंतु ह्या व्यवस्थेचे दोन शत्रु आहेत. एक वारा : तो केसांतील गरम हवा उडवून नेतो. दुसरें पाणी : तें केस चिकटवून त्यांमधील हवा हांकलून देतें व स्वतः तेथें बसतें, आणि पाण्यांतून उष्णता निघून जाते ती स्थिर हवेच्या चोवीस-पंचवीस पट वेगानें. कोरड्या थंडींत टिकाव धरणारें जनावर भिजून वाऱ्यांत उभें राहिलें म्हणजे कां खचतें, ह्याचा उलगडा इतक्यानें होतो. अशा वेळीं स्नायु कितीही आंखडले तरी चिकटलेला केस उठत नाहीं, व उठला तरी त्यांत धरून ठेवण्यास हवा नसते.

ह्याचें दारुण उदाहरण फार जुनें नाहीं. डिसेंबर २०२१ च्या आरंभीं महाराष्ट्रांत अवकाळी पाऊस होऊन थंडी पडली. पुणें जिल्ह्याचे जुन्नर, आंबेगांव, शिरूर हे तालुके व त्यास लागून असलेला तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्याचा भाग, ह्या ठिकाणीं उघड्या रानांत बसविलेल्या मेंढ्या व शेळ्या एका-दोन रात्रींत मोठ्या संख्येनें मेल्या. धनगराचें सारें भांडवल चार पायांवर चालत असतें. सकाळीं उठून पाहावें तों वाघूर जेथें लावली तेथेंच निम्मा कळप आडवा, ह्याहून मोठें दिवाळें दुसरें कोणतें ? आमच्याकडील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ह्या भागांतील मेंढपाळांचे कळपही असेच उघड्यावर बसतात, तेव्हां ही गोष्ट परक्या मुलखाची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं.

मेंढीच्या कातडींत एक विशेष आहे. तिच्या अंगावर केसांचीं मुळें दोन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारचीं, गर्भांत आधीं तयार होणारीं, हीं जाड केसांचीं. त्यांस रोमोत्थापक स्नायु असतो. दुसरीं मागून झालेलीं, बारीक लोकरीचीं; त्यांस तो मुळींच नसतो. म्हणजे केस उभे करून ऊब वाढविण्याची युक्ति मेंढीस थोडीच उपयोगी; तिचा सगळा भरंवसा लोकरीच्या जाडीवर. लोकर ही आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटांत घेऊनही बोटास ओली लागत नाहीं, आणि म्हणूनच झिमझिम पावसांत घोंगडीचें काम दुसऱ्या वस्त्रास साधत नाहीं. पण पाऊस रात्रभर लागला तर लोकरही हार खाते. आणि ज्या मेंढीची लोकर नुकतीच कातरली आहे तिच्याजवळ हरण्यासारखेंही कांहीं उरलेलें नसतें. पुरी लोकर असलेली कोरडी मेंढी गोठविणारी थंडी सोसते; तीच कातरल्यावर हवा सुमारें पंचवीस अंश सेल्सिअसच्या खालीं जाऊं लागली कीं शरीराची ऊब राखण्यासाठीं तिला खाल्लेलें अन्न जास्त जाळावें लागतें. पंचवीस अंश म्हणजे आपणांस थंडी सुद्धां वाटत नाहीं ! मग दहा-बारा अंशांचा वारा व पाऊस एकत्र आल्यावर तिचें काय होत असेल ?

आमच्याकडे मेंढ्या वर्षांतून दोनदां कातरण्याची रीत आहे, व कातरणीची वेळ कातरणारे कधीं मोकळे सांपडतात आणि मेंढपाळ कोणत्या मुक्कामावर असतो ह्यावर ठरते. आमचें सांगणें इतकेंच कीं, थंडीच्या तोंडावर कातरणी झाली असेल तर पुढील महिना-दीड महिना आभाळाकडे अधिक बारकाईनें पाहावें. आणि हल्लीं पावसाचा अंदाज दोन-तीन दिवस आधीं भ्रमणध्वनीवर मिळतो तो वाचून वाघूर ओढ्याच्या पात्रांतून वा माळाच्या माथ्यावरून हलवून वाऱ्याच्या आडोशास न्यावी. आडोसा म्हणजे छप्परच पाहिजे असें नाहीं. उभ्या उसाचा कांठ, दगडी ताल, किंवा तिकाट्यांवर ओढलेला जाड कागद, ह्यांनीं वारा अडला तरी निम्मा शत्रु गेला. दुसरें, अशा संध्याकाळीं मेंढरांस रिकाम्या पोटीं बसवूं नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत कोरडी वैरण आंबतांना पुष्कळ उष्णता निघते. कडब्याची पेंढी ही त्या रात्रीं त्याची शेगडीच होय. महसुलाच्या नोकरींत असतांना मेलेल्या मेंढरांच्या पंचनाम्यांचे कागद आमच्या हाताखालून गेले आहेत. त्यांत संख्या, वय, नर कीं मादी, अंदाजी किंमत हें सर्व असे. पण मेंढी शेवटची कधीं कातरली होती, हें विचारणारा रकाना कोठेंच नसे. भरपाई देणाऱ्यास त्याची गरज नसेल, पुढचें नुकसान टाळूं पाहणाऱ्यास मात्र ती आहे.

येथें एका नव्या शोधाचा उल्लेख करतों. केस उभा करणाऱ्या स्नायूस केस वाढविण्याच्या कामांतही हात आहे, असें जुलई २०२० मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठ व तैवान येथील शास्त्रज्ञांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. केसाच्या मुळाशीं नवा केस उत्पन्न करणाऱ्या बीजपेशी असतात. स्नायूकडे येणारा मज्जातंतु स्नायूपाशींच न थांबतां ह्या बीजपेशींनाही जाऊन भिडतो, आणि स्नायु हा त्याला तेथें धरून ठेवणाऱ्या मांडवासारखा असतो. स्नायु काढून टाकला तर तंतु मागें सरतो व बीजपेशींशीं त्याचा संबंध तुटतो. थंडी अल्पकाळ असली तर केस उभे करून भागविलें जातें. ती टिकून राहिली तर तोच तंतु बीजपेशींस जागें करून नवे केस आणवितो. म्हणजे आजच्या थंडीचा बंदोबस्त व उद्यांच्या थंडीची तरतूद हीं दोन्ही कामें एकाच कारभाऱ्याकडे ! गाईबैलांच्या अंगावरील हिंवाळी केस झडण्या-येण्यावर दिवसाच्या लांबीचा अंमल मोठा आहे हें पूर्वींपासून ठाऊक आहे. उंदरांत दिसलेला हा प्रकार जनावरांत कितपत चालतो हें पुढें कळेल.

भीतीचें व रागाचें म्हणाल तर तें रोज अंगणांत दिसतें. परकें कुत्रें दिसतांच आपल्या कुत्र्याच्या मानेपासून शेंपटीपर्यंत पाठीच्या कण्यावर केसांची एक पट्टी उभी राहते. मांजर पाठ वांकवून दुप्पट मोठें होतें. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीजवळ हात नेला कीं ती पिसें फुलवून अंगावर येते. पिसांच्या मुळांशींही असेच स्नायु असतात, व पक्ष्यांत तर ते जाळ्यासारखे एकमेकांस जोडलेले असतात. शत्रूस आपण आहों त्याहून मोठें दिसावें, हा ह्यांतील लाभ. ह्या कलेंत सर्वांत पुढें गेलेला प्राणी म्हणजे भुईमुगाच्या वावरांत रात्रीं धुडगूस घालणारें साळिंदर. त्याचे कांटे म्हणजे जाड झालेले केसच आहेत, आणि ते उभारणारे स्नायु आपल्या स्नायूंहून पुष्कळच दांडगे आहेत. साळिंदर कांटा बाणासारखा फेंकून मारतें अशी समजूत आहे ती खोटी. कांटे सैल असल्यामुळें धक्क्यासरशी गळून शत्रूच्या अंगांत राहतात, इतकेंच.

मनुष्यांत ही लहर भीतीपुरती राहिली नाहीं. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुन आपल्या अंगावर रोमांच उठल्याचें सांगतो तें विषादानें. आणि अठराव्यांत संजय ह्या संवादास रोमहर्षण म्हणतो तें विस्मयानें व हर्षानें. ग्रंथ एकच, खूण एकच, भाव दोन. पुराणें सांगणाऱ्या सूताचें नांवच रोमहर्षण. त्याची वाणी ऐकून श्रोत्यांचे केस उभे राहत म्हणून तें पडलें असें सांगतात. भरताच्या नाट्यशास्त्रांत जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत ते स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु व प्रलय. ह्यांतील घाम, कांटा, फिकेपणा व अश्रु हे सारे इच्छेवांचून चालणाऱ्या मज्जातंतूंच्या सत्तेखालचे आहेत. सूक्ष्मदर्शक नसतां केवळ निरीक्षणानें आमच्या पूर्वजांनीं हीं लक्षणें एका ओळींत आणून बसविलीं, ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें. मात्र त्यावरून त्यांस स्नायूही ठाऊक होते असें म्हणणाऱ्यांच्या मागें आम्ही जाणार नाहीं.

आमच्या मिरजेस खांसाहेब अब्दुल करीम खां ह्यांनीं वास्तव्य केलें. ते १९३७ मध्यें वारले, व मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांस विसावा मिळाला. तेथें त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गायनांत तंबोरे जुळून पहिला षड्ज लागला कीं श्रोत्यांच्या अंगावरून कांट्याची लाट जाते, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस सांगावयास नको. गाण्यानें कांटा कां यावा, ह्याचाही शास्त्रज्ञ छडा लावीत आहेत. १९८० मध्यें अॅव्हराम गोल्डस्टीन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें आवडतें संगीत ऐकून रोमांचित होणाऱ्या कांहीं लोकांस, मेंदूंतील अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारें औषध टोंचून, पुन्हां तेंच संगीत ऐकविलें. तेव्हां त्यांपैकीं कांहींजणांच्या अंगावरील रोमांच कमी झाले. म्हणजे सुखाचीं जीं द्रव्यें मेंदू स्वतः तयार करतो त्यांचा ह्यांत हात असावा. पण थंडीसाठीं बनलेली कळ गाण्यानें कां दाबली जावी, ह्याचें सर्वांस पटेल असें उत्तर अद्याप निघालेलें नाहीं.

एका रोगाचा येथें उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कुष्ठरोगाचे जंतु मज्जातंतूंत घर करतात. त्यामुळें कातडीवर जो फिकट किंवा तांबूस चट्टा पडतो त्यांत स्पर्श कळेनासा होतो, घाम येईनासा होतो, केस विरळ होतात, आणि सगळ्या अंगावर कांटा आला तरी तेवढी जागा सपाट राहूं शकते. कारण तेथील स्नायूस हुकूम पोंचविणारा तंतूच बिघडलेला असतो. मुख्य खूण बधिरपणाची, हें विसरूं नये. पण उन्हांत राबणाऱ्या मनुष्याच्या पाठीवर एक चट्टा घामानें न भिजतां कोरडा राहतो, हें बहुधा घरच्या माणसांसच प्रथम दिसतें. असें दिसल्यास लाजेनें दडवूं नये. जवळच्या आरोग्य केंद्रांत ह्याचें औषध फुकट मिळतें, मिरजेस तर ह्या रोगासाठीं निराळें रुग्णालयच आहे. औषध वेळेवर सुरू केल्यास बोटें झडण्याची पाळी येत नाहीं.

आतां गोठ्याकडे वळूं. बैल एकाएकीं वैरण सोडून, पाठ वर काढून, कान पाडून उभा आहे, आणि अंगावरील केस उलटे फिरल्यासारखे उभे आहेत, असें दिसलें कीं पुष्कळजण थंडी बाधली म्हणून झूल घालून मोकळे होतात. थंडीच्या पहांटे ती समजूत खरीही असेल. परंतु ऊन पडल्यावर, इतर जनावरांचे केस बसले असतांना एकट्याचेच उभे राहिले, तर तो ताप चढत असल्याची खूण धरावी. ताप चढतांना थंडी कां वाजते हें आम्हांस आमच्या जुन्या धंद्यांतील दाखल्यानें सांगूं द्या. मेंदूच्या तळाशीं शरीराची उष्णता किती असावी हें ठरविणारें एक लहानसें केंद्र आहे. रोगाच्या विषानें तें केंद्र आपला आंकडा वाढवितें. सरकारनें आकारणी वाढविली म्हणजे कालपर्यंत पुरती असलेली वसुली आज बाकी दिसूं लागते. त्याचप्रमाणें कालपर्यंत पुरेशी असलेली अंगाची उष्णता आतां केंद्रास कमी दिसते. मग बाकी वसूल करण्यासाठीं केस उभे करणें, कातडींतील रक्त आंत ओढून घेणें व थरथर कांपणें हे सर्व उपाय चालू होतात. म्हणून कान हातास गार लागतात व आंत ताप भरत असतो. गार कान पाहून ताप नाहीं असें म्हणणाऱ्याची येथेंच फसगत होते.

दुसरी एक खूण ह्याच्याशीं गोंधळूं नये. माशी बसली कीं बैल शेंपूट न हलवितां नुसती कातडी थरथरवितो. तें काम रोमोत्थापक स्नायूंचें नसून कातडीखालीं पसरलेल्या एका मोठ्या, हुकमी स्नायूचें आहे, व तें निरोगीपणाचेंच लक्षण आहे. तसेंच जंत, उपासमार किंवा क्षारांची उणीव ह्यांनीं खंगलेल्या जनावराचे केस महिनोन्‌महिने राठ, निस्तेज व पिंजारलेले दिसतात. तेथें स्नायु सारखे आंखडलेले असतात असें समजूं नये. केसच निकस झालेले व तेलकटपणास मुकलेले असतात. खरसुंडीच्या यात्रेंत खिलार बैल पाहणारा जाणता गिऱ्हाईक आधीं तकाकी पाहतो ती ह्याचसाठीं. कांहीं विकणारे अंगास तेलाचा हात फिरवून केस बसवितात. म्हणून मानेखालीं व मांडीच्या आंतल्या बाजूस, जेथें हा हात सहसा पोंचत नाहीं, तेथेंही पाहावें.

ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रांत लंपी त्वचारोगाची साथ पसरली, तेव्हां उभ्या केसांची आणखी एक तऱ्हा शेतकऱ्यांनीं पाहिली. ह्या रोगांत आधीं ताप येतो, व मग कातडींत गांठी उठतात. गांठ लहान असतांना ती डोळ्यास दिसण्यापूर्वीं तिच्यावरील केसांचा झुबका आजूबाजूच्या निजलेल्या केसांतून वेगळा उभा दिसतो. तिरप्या उजेडांत पाहिल्यास हें चटकन ध्यानांत येतें. हा कांटा स्नायूंनीं आलेला नव्हे, खालून कातडी फुगल्यामुळें केस उचलले गेलेले असतात. फरक ओळखणें अवघड नाहीं. थंडीचा वा तापाचा कांटा अंगभर सारखा पसरतो व कारण गेलें कीं बसतो. गांठीवरील झुबके मात्र ठिकठिकाणीं विखुरलेले असतात, बोटाखालीं टणक लागतात, आणि दुपारच्या उन्हांतही तसेच राहतात. कीटकदंशानें किंवा अंगास न सोसणाऱ्या खाद्यानें पित्ताच्या गांधी उठल्या तरी असे झुबके दिसतात, पण त्या बहुधा दिवसा-दोन दिवसांत ओसरतात. संशय येतांच तें जनावर निराळें बांधून पशुवैद्यास बोलवावें, व माशा, डांस, गोचीड ह्यांचा बंदोबस्त करावा, कारण हा रोग त्यांच्याच वाटेनें पसरतो.

अशा प्रसंगीं अंदाजावर न राहतां तापमापक वापरावा. तो प्रत्येक दावणीस असावा असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. बैलाच्या एका म्होरकीहून त्यास फारसा अधिक खर्च येत नाहीं. मोठ्या गाईबैलांची निरोगी उष्णता सुमारें १०१.५ अंश फॅरनहाइट असते, मेंढीची १०२ ते १०३. सायंकाळीं, किंवा जनावर उन्हांतून चालून आलें असतां, ती थोडी वाढलेली सांपडते. म्हणून सावलींत विसांवा देऊन मग पाहावी. तापमापकाच्या मागच्या टोंकास हातभर दोरा बांधून दुसरें टोंक शेंपटीच्या केसांस अडकवावें, पुढच्या टोंकास थोडें तेल लावून तो गुदद्वारांत तिरपा सरकवावा व आंतल्या भिंतीस टेंकवावा. शेणांतच राहिला तर आंकडा कमी येतो. जनावराच्या बाजूस उभें राहावें, थेट मागें नव्हे. आलेला आंकडा व वेळ लिहून ठेवावी, आणि तीन-चार तासांनीं पुन्हां पाहावें. पशुवैद्यास दूरध्वनि करतांना बैलाच्या अंगावर कांटा आहे इतकेंच न सांगतां हे दोन आंकडे सांगितले, तर कोणतें औषध बरोबर घेऊन निघावें हें त्यास घरूनच ठरवितां येतें.